हाडं कुणाची मोजायची?

मैत्रिणींनो,

यंदा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आपल्या कार्यालयात एक पत्र आलं. ८ मार्चच्या निमित्ताने वस्तीत बायकांच्या हाडांची घनता मोफत तपासून द्यायची, असा प्रस्ताव होता. यंत्र कंपनीचं, ते चालवणारा माणूस कंपनीचा, मांडव, चहा आणि बॅनरही कंपनीचाच. आपण फक्त पस्तीस ते पंचावन्न वयाच्या शंभर बायका जमवायच्या. बॅनरवर आपल्या संघटनेचं नाव कंपनीच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात असेल, असंही आवर्जून लिहिलं होतं.

पत्र साप्ताहिक बैठकीत वाचलं गेलं आणि वाद सुरू झाला. एका तरुण कार्यकर्तीचं म्हणणं होतं, ‘आपण नेहमी ओरडतो की बायकांच्या आरोग्याकडे सरकार फक्त बाळंतपणापुरतं आणि नसबंदीपुरतं बघतं. पाळी गेली की बाई जणू सरकारच्या हिशेबातून बाद. आता कुणी तरी चाळिशी-पन्नाशीच्या बाईकडे लक्ष देतंय, तर तेही आपल्याला नको का?’ प्रश्न खरा आहे. त्याला ‘कंपनी वाईट असते’ एवढं उत्तर पुरणार नाही.

तेव्हा वस्तीत काम करणाऱ्या एका ताईंनी जुनी गोष्ट काढली. तीन वर्षांपूर्वी आपणच असं एक शिबिर घेतलं होतं. टाच यंत्रात ठेवायची, दोन मिनिटांत चिठ्ठी हातात. हिरवी, पिवळी नाहीतर लाल. बहुतेकींची पिवळी आली. घरकाम करणारी एक बाई, वय त्रेचाळीस, पाळी अजून चालू. तिचीही पिवळी. ‘हाडं ठिसूळ व्हायला लागलीत, जपून राहा’ असं तिला सांगितलं गेलं. तिने दोन घरची कामं सोडली, पाण्याचे हंडे उचलायचं बंद केलं आणि महिन्याच्या पगारातून गोळ्यांच्या बाटल्या आणू लागली. त्याच दिवशी तिच्याबरोबर तिच्या सासूबाईही आल्या होत्या. अडुसष्ट वर्षांच्या, पाठीत वाकलेल्या, आदल्या वर्षी अंगणात घसरून मनगट मोडलेल्या. त्यांचं वय यादीत बसत नव्हतं. आपण त्यांना चहा दिला आणि घरी पाठवलं.

गेल्या पावसाळ्यात त्या आजी सार्वजनिक संडासाच्या ओल्या पायरीवरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. पैशांची जमवाजमव होईपर्यंत ऑपरेशन लांबलं. नंतर त्या खाटेवरून उठल्याच नाहीत. सुनेने उरलेली कामंही सोडून त्यांचं सगळं केलं. दिवाळीच्या आधी त्या गेल्या.

बैठकीत थोडा वेळ कुणीच बोललं नाही. म्हणून या अंकात हा विषय. हाडं मोजावीत की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. आधी विचारायला हवं: कुणाची मोजायची, केव्हा, कशासाठी, आणि मोजल्यावर पुढे काय करायचं?

आकडा येतो कुठून?

हाडांची घनता मोजण्याची मान्य पद्धत म्हणजे डेक्सा. बाईला यंत्राखाली झोपवून अगदी सौम्य क्ष-किरणांनी खुबा आणि कणा तपासतात. त्यातला किरणोत्सर्ग छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षाही कमी असतो, त्यामुळे तपासणीची भीती बाळगायचं कारण नाही. शिबिरात येतं ते टाचेचं यंत्र वेगळं. ते ध्वनिलहरींवर चालतं. त्यावरून फार तर एखादीला पुढच्या तपासणीला पाठवावं की नाही याचा अंदाज बांधता येतो. ‘तुम्हाला हाडांचा आजार आहे’ असं निदान त्यावर करता येत नाही.

आकड्याचं नाव टी-स्कोअर. तुमच्या हाडांची तुलना तुमच्या वयाच्या बाईशी होत नाही, ती होते विशीतल्या निरोगी तरुणीच्या सरासरीशी. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने रेषा आखून दिल्या: उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये ‘ऑस्टिओपेनिया’, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ‘ऑस्टिओपोरोसिस’. या रेषा ठरल्या त्या प्रामुख्याने पाळी गेलेल्या गोऱ्या बायकांच्या माहितीवरून. शिवाय तज्ज्ञगटाचा मुख्य हेतू वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांची तुलना करता यावी हा होता. पुढे त्याच रेषा दवाखान्यात आल्या आणि ‘ऑस्टिओपेनिया’ हा शब्द आजाराच्या नावासारखा वापरला जाऊ लागला.

आता साधा हिशेब करा. सरासरीच्या खाली एक पायरी, म्हणजे उणे १, अशी रेषा आखली की खुद्द निरोगी तरुणींमधलीही सहातली एक तिच्याखाली येते. मग पंचेचाळिशी-पन्नाशीच्या बायकांना तरुणीच्या मापाने मोजल्यावर अर्धी रांग पिवळी निघाली तर त्यात नवल ते काय? वय वाढलं की हाडांची घनता थोडी उतरतेच. केस पिकतात तसंच ते आहे. पाळी अजून चालू असलेल्या बाईचा निकाल टी-स्कोअरने लावूच नये, तिची तुलना तिच्याच वयाच्या बायकांशी करावी, असं या तपासणीतले तज्ज्ञही सांगतात. त्रेचाळीस वर्षांच्या त्या मैत्रिणीला दिलेली पिवळी चिठ्ठी या नियमानेही चुकीची होती.

आणखी एक गोष्ट. डेक्सा हाडाचं आकारमान मोजत नाही, फक्त सपाट क्षेत्रफळ पाहतं. म्हणून बारीक चणीच्या, बुटक्या बाईची हाडं असतात त्याहून विरळ दिसतात. आपल्याकडच्या कितीतरी बायका अशाच चणीच्या आहेत. त्यांना गोऱ्या, उंच तरुणीच्या मापाशी उभं केलं की निकाल आधीच ठरलेला असतो.

याचा अर्थ आपल्या बायकांची हाडं मोडत नाहीत असा मुळीच नाही. मोडतात, आणि पुष्कळ मोडतात. पण हाड मोडण्याचा धोका फक्त घनतेवर ठरत नाही. तोच आकडा पन्नाशीच्या बाईत आणि पंचाहत्तरीच्या बाईत असला, तरी दुसरीचा धोका कितीतरी जास्त असतो. ज्यांची हाडं मोडतात त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांचा आकडा उणे २.५ पर्यंत गेलेलाच नसतो. मोतीबिंदू, चक्कर आणणारी औषधं, अशक्त पाय, रात्रीचा अंधार, संडासाची ओली पायरी, यांतलं काहीच यंत्राला दिसत नाही.

पिवळ्या चिठ्ठीचा बाजार

पाळी जाणं हा आजार आहे असं बायकांना पटवण्याचा उद्योग जुना आहे. १९६६ साली अमेरिकेत रॉबर्ट विल्सन या डॉक्टरने ‘फेमिनिन फॉरेव्हर’ हे पुस्तक लिहून ‘कायम तरुण’ राहण्यासाठी बायकांनी हार्मोन घ्यावेत असा प्रचार केला. पुढे हाडं आणि हृदय सांभाळण्यासाठी लाखो निरोगी बायकांना वर्षानुवर्षं या गोळ्या दिल्या गेल्या. २००२ साली अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवावा लागला. दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्या बायकांमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण कमी झालं होतं हे खरं, पण स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या होत्या. नंतरच्या फेरतपासणीत असंही दिसलं, की साठीच्या आतल्या, नुकतीच पाळी गेलेल्या बाईसाठी हा धोका कमी असतो. ज्यांना घाम, गरम वाफा, झोप न येणं यांचा खरोखर त्रास होतो त्यांना या औषधांचा उपयोग होतो. त्यांनी ती समजून उमजून जरूर घ्यावीत. पण सगळ्यांनी प्रतिबंध म्हणून घ्यावीत, हा सल्ला टिकला नाही.

हाडांच्या औषधाची गोष्टही अशीच. १९९५ साली मर्क कंपनीचं फोसामॅक्स हे औषध अमेरिकेत बाजारात आलं. औषध होतं, पण तपासणीची यंत्रं महाग आणि थोडी होती. तपासणी नाही तर रोगी नाही, आणि रोगी नाही तर खप नाही. तेव्हा कंपनीने ‘बोन मेझरमेंट इन्स्टिट्यूट’ नावाची संस्था काढली आणि मनगट, टाच मोजणारी छोटी, स्वस्त यंत्रं डॉक्टरांच्या दवाखान्यांत पोचतील असे प्रयत्न केले. १९९७ साली अमेरिकन सरकारच्या वृद्धांसाठीच्या विमा योजनेतून अशा तपासण्यांचे पैसे देण्याचा कायदा झाला. यंत्रं वाढली, ‘ऑस्टिओपेनिया’वाल्या बायका वाढल्या, खप वाढला.

औषध खोटं नव्हतं. ज्या बाईचं हाड एकदा मोडलंय किंवा जिचा धोका खरोखर मोठा आहे, तिचं पुढचं हाड मोडणं या जातीच्या औषधांनी टळू शकतं. आज ती जेनेरिक नावाने स्वस्तात मिळतात. पण वर्षानुवर्षं घेतल्यावर क्वचित जबड्याच्या हाडाला इजा होते, क्वचित मांडीचं हाडच विचित्र पद्धतीने मोडतं. मोठा धोका असलेल्या बाईने हा थोडा धोका पत्करणं शहाणपणाचं आहे. पंचेचाळिशीतल्या धडधाकट बाईने तो का पत्करावा?

तपासणीचा फायदा नक्की कुणाला होतो, याचंही उत्तर उपलब्ध आहे. ब्रिटनमध्ये ७० ते ८५ वयाच्या १२ हजारांवर बायकांचा ‘स्कूप’ नावाचा अभ्यास झाला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात यंत्राआधी प्रश्नावली होती. उत्तरांवरून ज्यांचा धोका जास्त दिसला त्यांचीच घनता मोजली आणि गरज असलेल्यांना औषध दिलं. एकूण हाडं मोडण्याचं प्रमाण घटलं नाही, पण खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण सव्वा टक्का-दीड टक्का नव्हे, चौथ्या हिश्शाहून जास्त घटलं. अमेरिकेतल्या सरकारी तज्ज्ञगटाची शिफारसही पासष्ट वर्षांपुढच्या सगळ्या बायकांची तपासणी करावी, आणि त्याआधी पाळी गेलेल्यांपैकी फक्त धोका असलेल्यांची करावी, अशीच आहे. दरवर्षी तपासणी करत राहण्यातही अर्थ नाही. २०१२ साली सदुसष्टीच्या पुढच्या अमेरिकन बायकांच्या अभ्यासात दिसलं, की घनता ठीक किंवा किंचित कमी असलेल्या बायकांपैकी दहातली एक ऑस्टिओपोरोसिसपर्यंत पोचायला सुमारे पंधरा वर्षं लागतात.

म्हणजे शिबिराचं यंत्र ज्यांना कमी गरज त्यांच्यापुढे ठेवलं जातं, आणि ज्यांना जास्त गरज त्यांना वयाच्या अटीवर परत पाठवलं जातं. असं का? पंचेचाळिशीची बाई कमावती असते, पुढची तीस वर्षं गोळ्या घेऊ शकते. अडुसष्टीची आजी गिऱ्हाईक म्हणून कामाची नाही.

ज्यांना कुणी विचारतच नाही

आजी एकट्याच नाहीत. मैत्रिणींनो, बीडच्या ऊसतोड बायका आठवा. २०१९ साली हा प्रश्न विधिमंडळात गाजला, समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यांतल्या कितीतरी जणी पस्तिशीच्याही आतल्या. पाळीत खाडा नको, मुकादमाचा दंड नको, आणि ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ ही डॉक्टरांनी घातलेली भीती. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली गेली तर बाईची पाळी जाण्याची अवस्था त्याच दिवशी सुरू होते. अंडाशयं ठेवली तरी ती पुष्कळदा वेळेआधी थकतात. हाडांना धरून ठेवणारं इस्ट्रोजेन तिशीतच संपलं, तर पन्नाशीपर्यंत त्या हाडांचं काय होईल? आणि तीच बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढते आहे.

हाडांची तपासणी कुणाला हवी असं विचारलंत, तर आमचं पहिलं उत्तर या बायका हे आहे. इतक्या लवकर अंडाशयं गेलेल्या बाईला नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन द्यावेत का, याचा डॉक्टरांनी तिच्याशी बसून विचार करायला हवा. इथे हार्मोनला आमचा विरोध नाही, कारण इथे खरोखरच काहीतरी हिरावून घेतलेलं आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं राबवायला राज्यांना सांगितलं. पुढच्या शस्त्रक्रिया थांबायलाच हव्यात. पण ज्यांच्या होऊन गेल्या, त्यांच्या पुढच्या चाळीस वर्षांचं काय, हे कुठल्याच कागदात नीटसं दिसत नाही. यात आपलीही चूक आहे. आपण मोर्चे काढले, अहवाल लिहिले. त्या बायकांना ‘आता तुमची पाठ दुखते का?’ हे फारसं विचारलं नाही.

दुसरा गट, लांबणाऱ्या गर्भनिरोधक इंजेक्शनवाल्यांचा. नेट-एनच्या चाचण्यांविरुद्ध १९८६ साली स्त्री-संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या, डेपो-प्रोवेराविरुद्धचा लढा तर अनेकींनी स्वतः लढला आहे. २००४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डेपोच्या वेष्टनावर, जास्त काळ वापरल्यास हाडांची घनता घटते, असा ठळक इशारा छापायला लावला. इंजेक्शन थांबवल्यावर घनता बरीचशी भरून येते. २०१७ पासून हेच इंजेक्शन आपल्याकडे ‘अंतरा’ नावाने सरकारी दवाखान्यांत मिळतं. बाईला ते घ्यायचं असेल तर तो तिचा हक्क. हाडांबद्दलची माहिती देणं हे दवाखान्याचं कर्तव्य. ती दिली जाते का, हे आपण आपापल्या भागात विचारावं.

आणि तिसरी गोष्ट ताटाची. हाडं भरतात ती पोरवयात आणि पंचविशी-तिशीपर्यंत. त्या वयात मुलीच्या ताटात काय पडतं? दूध भावाला, शेवटची भाकरी आईला, आणि लग्नानंतर सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार मोठ्या बाईला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असतं; तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला, सुकट, ताक हे सगळं आपल्या स्वयंपाकघरातलंच. रेशनवर नाचणी मिळाली, पोरीच्या ताटात ती पडली आणि तिला मैदानात खेळायला पाठवलं, तर तिच्या हाडांची जी बेगमी होईल ती पन्नाशीत कुठलीच बाटली करून देणार नाही.

मग आपण काय करायचं?

आपण कंपनीला नकार कळवला. पण नुसता नकार देऊन भागत नाही. ८ मार्चला आपण वस्तीत बसलो ते वही घेऊन. मांडव नव्हता, चहा आपल्याच शेगडीवरचा. साठीच्या पुढच्या बायकांना मुद्दाम घरी जाऊन बोलावलं. इतर गटांनाही उपयोगी पडतील म्हणून त्या दिवशीचे प्रश्न इथे देत आहोत:

१. पाळी कितव्या वर्षी गेली? आपोआप गेली की ऑपरेशनने? गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली का? कागद घरी आहेत का?

२. चाळिशीनंतर साध्या पडण्याने मनगट, खांदा, खुबा, कुठलंही हाड मोडलं का?

३. उंची कमी झाली, पाठ वाकली, किंवा काही कारण नसताना पाठीत एकाएकी जोराची कळ आली का?

४. आईचं किंवा वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं का?

५. दमा, सांधेदुखी यांसाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या का? गावातल्या डॉक्टरने दिलेल्या बिननावाच्या पुड्याही यात धरा.

६. वजन फार कमी आहे का? विडी, दारू आहे का? आमवात आहे का?

७. गेल्या वर्षभरात किती वेळा पडलात? नीट दिसतं का? रात्री संडासाला कुठे जाता?

यांत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर त्या बाईला डॉक्टरांकडे न्यायलाच हवं. तिची पिवळी-हिरवी चिठ्ठी बघत बसायचं कारण नाही. मनगटाला प्लास्टर घालून घरी पाठवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला विचारायचं, ‘हाड का मोडलं, पुढचं मोडू नये म्हणून काय करायचं?’ म्हातारपणी पाठ वाकतेच, असं म्हणून सोडून द्यायचं नाही. वाकलेली पाठ म्हणजे पुष्कळदा मणक्याचं न कळलेलं फ्रॅक्चर असतं. पहिल्या आणि तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या प्रश्नांना ‘हो’ आलं तर डेक्साचा विचार करावा. सातव्या प्रश्नाची उत्तरं दवाखान्यात न्यायची नाहीत, ती वॉर्ड ऑफिसात न्यायची. पायरीला कठडा, गल्लीला दिवा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, या हाडांच्याच मागण्या आहेत.

सरकारकडे आमची मागणी ही: डेक्साचं यंत्र जिल्हा रुग्णालयात हवं, आणि ते वय आणि धोका पाहून वापरलं जावं. आज खासगीत ती तपासणी म्हणजे मजुरीचे कित्येक दिवस. त्यामुळे जिला गरज ती जाऊ शकत नाही, आणि जिला गरज नाही तिच्यापर्यंत टाचेचं यंत्र घरपोच येतं. गर्भाशय काढलेल्या ऊसतोड बायकांना ही तपासणी आणि पुढचे उपचार मोफत मिळायला हवेत. साध्या पडण्याने हाड मोडलेली पन्नाशीपुढची कुठलीही बाई सरकारी दवाखान्यातून पुढची चौकशी न होता परत जाता कामा नये.

त्या तरुण कार्यकर्तीचं समाधान अजून पूर्ण झालेलं नाही. ती म्हणते, ‘ताई, जिल्ह्यात यंत्र येईपर्यंत आपण वहीत नावं लिहून ठेवणार, आणि त्या बायका वाट बघणार.’ तिचं चूक नाही. वहीत आज अकरा नावं अशी आहेत ज्यांना तपासणीला न्यायला हवं. पैकी चौघींना नेलं. बाकीच्या सात जणींसाठी पैसे, सोबत आणि सुट्टी जमवतो आहोत.

त्रेचाळीस वर्षांच्या त्या मैत्रिणीला आम्ही पुन्हा भेटलो. ‘तुझी हाडं ठीक आहेत, काम कर, चाल, उन्हात बस, बाटल्या बंद कर,’ असं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘माझं राहू द्या. त्या दिवशी आत्याबाईंना का नाही मोजलंत?’

तुमच्या भागात अशी शिबिरं झाली असतील, तर तिथे कोणाला बोलावलं, काय सांगितलं, काय विकलं, हे आम्हाला जरूर लिहा. पुढच्या अंकात तुमची पत्रं छापू.

सस्नेह,
संपादक मंडळ